पाठ घोड्याकडे

रेसकोर्सवर त्याला सगळे खांब म्हणायचे. खरं नाव होतं, पण ते पगाराच्या दिवशी कारकुनाच्या तोंडी यायचं तेवढंच. ताडमाड उंची, अंगावर मांस बेताचं, आणि एकदा उभा राहिला की हलायचं नाव नाही. कुणी नवखा विचारायचा, "याला खांब का म्हणता हो?" तर मुकादम म्हणायचा, "बघ ना, नुसती तार ओढायची बाकी आहे."

काम तसं माळ्याचं. शर्यत झाली, घोडे निघून गेले, की गवताच्या धावपट्टीवर खुरांनी उकरलेले खड्डे राहतात. हातात दातेरी काटा, खांद्याला मातीची पिशवी. उपटलेलं गवत मुळांसकट जागेवर बसवायचं, वर मूठभर माती, टाचेनं दाबायचं आणि पुढं सरकायचं. यात खांबाचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याच्या टाचेखालून गेलेली जमीन अशी सपाट व्हायची, की तिथून घोडे गेलेच नव्हते असं वाटावं.

त्याच्या कामाचा दुसरा भाग होता, त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नसे. शेवटच्या वळणापाशी ताडपत्रीनं झाकलेली एक हातगाडी उभी असायची. तिच्यात हिरव्या जाड कापडाची घडी. कापड लांबच लांब, डोक्याहून उंच, मध्ये मध्ये लोखंडी दांडे शिवलेले. पळता पळता घोडा पडला आणि उठण्यासारखा राहिला नाही, की मुकादम ओरडायचा, "उचला!" मग चौघांनी ते कापड घेऊन धावायचं, दांडे जमिनीत रोवायचे आणि घोड्याभोवती आडोसा धरायचा. घोड्यांच्या डॉक्टरीणबाई बॅग घेऊन आत जायच्या. थोड्या वेळानं बाहेर यायच्या. मागून गाडी यायची. ती गेली की पुढच्या शर्यतीची घंटा, आणि खांब पुन्हा काटा घेऊन वाकलेला. त्या जागचे खड्डे जरा खोल असायचे.

पहिला दांडा खांबाचा. तो रोवल्याशिवाय कापड उलगडत नसे. बाकीचे तिघं त्याच्यापासून घेर धरत पुढं जायचे. आणि मुकादमाचा एक नियम होता, अगदी पहिल्या दिवसापासूनचा. तोंड लोकांकडं, पाठ घोड्याकडं. "आत बघायचं नाही. आत बघितलंत तर तोंडं वाकडी होतील, आणि तुमची तोंडं बघून समोर स्टँडात बसलेल्या बायका रडायला लागतील. पडदा लावून मग उपयोग काय?"

त्यामुळं झालं असं, की इतकी वर्षं पडदा धरून खांबानं एकही घोडा मरताना बघितला नव्हता. त्यानं बघितली होती ती माणसं. पडदा लागला की स्टँडात आधी एक हाय उठायची. मग कुणी दुर्बीण खाली करायचं, कुणी पोराचं डोकं आपल्या पोटाशी दाबायचं, कुणी उगाच घड्याळ बघायचं. कडेला एक म्हातारा यायचा, तो टोपी काढून उभा राहायचा. आणि थोड्याच वेळात आवाज पूर्ववत व्हायचा, थंड पेल्यांचा, हसण्याचा, पुढचा घोडा कोणता यावरच्या वादाचा. पडदा माणसांसाठी असतो, त्यांना नीट हसता यावं म्हणून, अशी खांबाची पक्की समजूत. ती चुकीची म्हणावी तर स्टँडाकडं बघून तसं वाटत नव्हतं.

मोतद्दार लोक या चौघांना टाळायचे. घोड्याचं खाणंपिणं, आंघोळ, मालिश करणारी ही माणसं. घोड्याच्याच शेजारी झोपणारी. पडदेवाल्याच्या हातचा चहा ते घ्यायचे नाहीत. कापड धुऊन कुंपणावर वाळत घातलं असेल तर घोडा घेऊन लांबून वळसा घालायचे. खांबाचा जोडीदार जाडा म्हणायचा, "आपली सोयरीक फक्त मयताला. लग्नाला कोण बोलावतंय?"

पण खांबाची खरी पंचाईत घरात होती. बायकोचा पाठचा भाऊ त्याच रेसकोर्सवर मोतद्दार. एका शिंगरानं लाथ झाडली तेव्हा पुढचे दोन दात गेले, तेव्हापासून त्याला बोळक्या म्हणायचे. बोळक्या एकटा जीव. त्याचं सगळं विश्व म्हणजे एक तांबूस घोडी. शर्यतीच्या पुस्तकात तिचं नाव लांबलचक आणि परकं होतं. बोळक्या तिला ठमी म्हणायचा. ठमी रुसली, ठमीनं आज खाल्लं नाही, ठमीला रेडिओवरच्या बातम्या आवडतात पण गाणी आवडत नाहीत. बहीण म्हणायची, "अरे, बायको असती तर तिची एवढी खबर ठेवली असतीस का?" तो म्हणायचा, "बायकोनं एवढं ऐकलं असतं का, ते सांग आधी."

खांबाची बायको शिवणकाम करायची. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या, आणि खिडकीपाशी तिचं पायमशीन. पडद्याचं कापड कुठं उसवलं, फाटलं की मुकादम तिच्याकडंच पाठवायचा. एका रविवारी बोळक्या जेवायला आला आणि मशीनवर ती हिरवी थप्पी बघून उंबऱ्यातच थबकला.

"ताई, ते आधी उचल."

"उचलते रे. टाका अर्धा राहिलाय. ये, पानं घेतलीयत."

"तो टाका होऊ दे. मी खाली सायकलवाल्याकडं बसतो."

"कापड आहे ते, भूत नाही!" खांब आतून म्हणाला.

"दाजी, तुमच्यासाठी कापड असेल. आमच्यात ते लागलं की घोडा उठत नाही. एकदा तरी उठलाय का? सांगा."

उठलेला खांबानं बघितला नव्हता. बघितला काहीच नव्हता म्हणा. शेवटी बायकोनं कापड कॉटखाली सरकवलं तेव्हा बोळक्या आत आला. पण जेवणात त्याचं लक्ष नव्हतं. भावाचा चेहरा बघून ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही याला एक शब्द द्या. याची ठमी पडली तर पडदा लावायचा नाही."

"अगं, पण ते माझ्या हातात..."

"पहिला दांडा तुमचाच ना? मग? द्या शब्द."

"दिला," खांब म्हणाला. माणूस जेवावा म्हणून म्हणाला. बोळक्या खरंच जेवला, आणि वर ठमीची नक्कल करून दाखवली, ती ओठ वर करून हसते कशी त्याची. दात नसल्यामुळं ती फारच हुबेहूब झाली.

हा सगळा मागचा भाग. आता त्या दिवसाचं.

त्या दिवशी सकाळी खांब पागांच्या बाजूनं मातीच्या पिशव्या आणायला गेला. बघतो तर बोळक्या ठमीच्या पुढच्या पायाशी बसलेला, आणि तिचा पाय बर्फाच्या बादलीत.

"काय रे? आज तर पळायचंय ना हिला?"

बोळक्यानं इकडंतिकडं बघितलं. "हळू बोला. पायाच्या नळीमागची शीर जरा कोमट लागली पहाटे, सुजल्यासारखी. जास्त नाही. बर्फानं उतरलीय आता."

"ट्रेनरला सांगितलंस?"

"सांगू आणि काय करू? आधीच दोनदा बसवलीय तिला, एकदा खोकला म्हणून, एकदा खूर म्हणून. आणखी एकदा बसली तर मालक काढून टाकणार. काढलेली घोडी कुठं जाते ते तुम्हाला माहीत नाही?"

खांबाला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. काही घोड्या फार्मवर जायच्या, मुलांना पाठीवर घेऊन फिरायच्या. बाकीच्यांच्या मागं एक ट्रक यायचा आणि तो कुठं जातो हे कुणी विचारायचं नाही.

"आजची एक पळू दे नीट. चौथी-पाचवी आली तरी चालेल. मग महिनाभर तिला कुणी हात लावणार नाही. मी बघतो तिच्याकडं."

थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई तपासणीला आल्या. भल्या बाई, कामाला चोख. त्यांनी पायावरून हात फिरवला, पाय गार. दोन वेळा घोडी पळवून बघितली. घोडी सरळ पळाली. "छान," असं म्हणून त्या पुढच्या खणाकडं वळल्या. खांब पिशव्या खांद्यावर घेऊन तिथंच उभा होता. बोलावंसं वाटलं. बोळक्यानं नुसतं बघितलं त्याच्याकडं. मग खांब पिशव्या घेऊन चालायला लागला. त्या रोजच्यापेक्षा जड लागल्या, पण माती ओली असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

ठमीची शर्यत दुपारची. चौघंजण वळणापाशी हातगाडीला टेकून उभे. जमिनीतून आधी थरथर येते, मग आवाज, मग घोडे. वळण घेताना ठमी मध्यात होती, चांगली पळत होती. खांबाला तिचं तांबूस डोकं दिसलं आणि त्याचा जीव भांड्यात पडतोय तोवर ते डोकं खाली गेलं. एकदम, पायरी चुकल्यासारखं. जॉकी पुढं फेकला गेला आणि गोळा होऊन कठड्याखाली लोळला. बाकीचे घोडे दोन्ही बाजूंनी फुटून निघून गेले. ठमी कुशीवर पडून होती.

"उचला!"

पाय आपोआप पळाले. खांब पोचला, दांडा उभा केला, आणि तेवढ्यात बाहेर जायच्या फाटकातून बोळक्या आला. हातात दोरी, पायात एकच चप्पल.

"दाजी! नाही, दाजी! तुम्ही शब्द दिलाय!"

खांब थांबला.

"अरे रोव की!" मागून जाडा ओरडला. कापड ताणलं गेलं, पण पहिला दांडा हवेतच, त्यामुळं घेर धरेना. खांब घोडीकडं बघत होता, नियम मोडून, तोंड आत करून. तिच्या पोटाचा भाता वरखाली होत होता. डोळा उघडा. नुसता दम गेलाय, त्याला वाटलं. पडलेले घोडे दम परत आला की उठतात, त्यानं कितीदा ऐकलं होतं. पडदा लागला की मात्र पुढचं ठरलेलंच. डॉक्टरीणबाईंची गाडी अजून पलीकडून येत होती. जरा थांबू. दोन श्वास घेऊ दे तिला.

आणि ठमी उठली.

आधी पुढून, मग मागून, हिसका देऊन उभी राहिली. स्टँडातून अशी आरोळी उठली की काय सांगावं! लोक टाळ्या वाजवत होते, टोप्या हलवत होते. बोळक्या रडत हसत होता. खांबाच्याही डोळ्यांत पाणी आलं. शब्द पाळला, एवढंच त्याच्या मनात आलं.

मग बाकीचे घोडे शर्यत संपवून परत फिरले. संथ चालीनं, कडेकडेनं, आपल्या पागेकडं. ठमीनं कान टवकारले. पलीकडं तिची जात चालली होती आणि मागून टाळ्यांचा गडगडाट अंगावर येत होता. घोडा अशा वेळी एकच गोष्ट करतो. ती पळाली. तीन पायांवर. चौथा पाय होता, पण तो तिचा राहिला नव्हता.

टाळ्या एकदम बंद झाल्या नाहीत. एकेक करून बंद झाल्या, ज्याला जेव्हा दिसलं तेव्हा.

बोळक्या दोरीला लोंबकळत फरफटत गेला. कठड्याला धडकून ती पुन्हा पडली. डॉक्टरीणबाई गाडीतून उडी मारून धावत आल्या. "पडदा कुठाय? अरे, पडदा धरा! तिला ते घोडे दिसायला नकोत, माणसं दिसायला नकोत. झाका तिला!"

खांबानं दांडा रोवला. इतक्या जोरात, की हाताची साल निघाली. कापड कठड्याच्या टोकाला अडकून टरकन फाटलं, तरी तिघांनी ओढून घेर पुरा केला. खांब मात्र लोकांकडं वळला नाही.

कापडातून हिरवट सावली आत पडली होती. बाहेरचा आवाज कमी झाला नव्हता, पण दिसायचं थांबलं, आणि ठमी शांत झाली. फडफडणारे कान सैल पडले. मान खाली आली. बोळक्या मांडी घालून बसला होता. तिचं डोकं मांडीवर, तिच्या डोळ्यावर त्याचा तळवा, आणि तो खालच्या आवाजात तिला बातम्या सांगत होता. हवामानाच्या, बाजारभावाच्या, कसल्या कसल्या. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या खांद्याला हात लावला. तो बोलायचा थांबला नाही.

इतकी वर्षं आपण पाठ करून उभे होतो ते या सावलीला, हे खांबाला तेव्हा कळलं. कापड लोकांसाठी होतंच, त्यात शंका नाही. पण त्याचा थोडा भाग तिच्यासाठी होता, आणि नेमका तोच त्यानं तिला वेळेवर दिला नाही.

चौकशी झाली. ऑफिसात लांब टेबल, पलीकडं दोन साहेब, कडेला डॉक्टरीणबाई. लोकांनी बघितलं होतं, तक्रारी आल्या होत्या, एका पाहुण्या बाईंना चक्कर आली होती.

"पडद्याला उशीर का झाला?"

"कापड अडकलं, साहेब."

"घोडी उभी राहिल्यावर अडकलं की आधी?"

"आधी."

साहेबांनी एकमेकांकडं बघितलं. पुढच्या हंगामाला स्प्रिंगवर उघडणारा पडदा मागवावा, असं ठरलं. रंग हिरवाच असावा की फिका, यावरही थोडं बोलणं झालं. खांब उभा होता, खांबासारखा. घोडी पडली का, असं कुणी विचारतंय का, याची वाट बघत होता. विचारलं असतं तर तो काय बोलला असता, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. बोळक्याची भाकरी त्या उत्तरावर होती. पण ते कुणी विचारलंच नाही. डॉक्टरीणबाई आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडं बघत बसल्या होत्या, ज्या हातानं सकाळी पाय चाचपला होता.

बोळक्या बरेच दिवस घरी फिरकला नाही. बायको खांबाशी कामापुरतं बोलायची. एकदाच म्हणाली, "मीच मागितला शब्द. तुम्हाला काय म्हणू?" आणि पाठ फिरवून मशीन चालवायला लागली.

फाटलेलं कापड तिच्याकडंच आलं होतं. संध्याकाळची वेळ, खिडकीतून तिरकं ऊन, आणि मशीनभोवती हिरवा ढीग पसरलेला. दार वाजलं. बोळक्या. कापड दिसलं तरी तो थबकला नाही. आत आला, जमिनीवर बसला, आणि बहिणीला जड होत होतं म्हणून कापडाचं एक टोक उचलून धरलं. तिनं टीप मारायला घेतली.

"नवीन दिलीय मला," तो खांबाला म्हणाला. "काळी आहे. पोरच आहे अजून. चावते."

"बरं झालं."

"काल पहाटे तिचा पाय कोमट लागला."

मशीन थांबलं.

"या वेळी सांगितलं मी. लगेच जाऊन सांगितलं ट्रेनरला."

"मग?"

"म्हणाला, बर्फ लाव."

सायकलवाला खाली चाकात हवा भरत होता, त्याचा आवाज येत राहिला. बोळक्यानं कापड हातातून सोडलं नव्हतं. खांबाला वाटलं, म्हणजे त्या दिवशी सांगितलं असतं तरी. मग वाटलं, नाही, तसं म्हणून सुटायला नको.

"पळायचीय कधी?"

"रविवारी."

खांब उठला आणि दारामागच्या चपला पायानं ओढल्या.

"कुठं निघालात?" बायकोनं विचारलं.

"डॉक्टरीणबाईंकडं. बर्फ लावायच्या आधी पाय बघा म्हणावं. पहाटे बघा, तपासणीच्या वेळी नको."

"त्याही तिथंच पगार घेतात," बायको म्हणाली.

"घेतात ना. मीही घेतो."

"दाजी, माझं नाव..." बोळक्या बोलता बोलता थांबला.

"नाही घेणार. जाता-येता मलाच दिसलं म्हणेन, ती चालताना. बघू काय म्हणतात."

"तुम्हाला काय दिसणार चालताना! तुम्हाला पुढचा पाय कोणता नि मागचा कोणता तेही कळत नाही. एका वाक्यात पकडतील तुम्हाला." बोळक्यानं कापडाचं टोक बहिणीच्या मांडीवर नीट ठेवलं आणि उठला. "थांबा. हात माझा लागलाय तिच्या पायाला. मीच सांगतो."

"काम जाईल रे," बहीण म्हणाली.

"जाईल." तो चपला शोधायला लागला. "आणि घोडीही काढतील कदाचित. म्हणजे पुन्हा तेच. कळत नाही गं ताई, कोणत्या बाजूनं धरावं ते."

तिला तरी कुठं कळत होतं? दोघं जिना उतरून गेले, एक उंच, एक बुटका. खाली सायकलवाल्यानं काहीतरी विचारलं, त्याचं उत्तर ऐकू आलं नाही. कापडाची चीर अजून हातभर बाकी होती, आणि मुकादमानं ते शनिवारपर्यंत मागितलं होतं. तिनं सुईत दोरा ओवला, जोड घट्ट बसावा म्हणून तो दुहेरी घेतला, आणि चाक फिरवलं.